अंगठा देऊ नका

परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहितो आहे. घाईने लिहितो आहे, कारण वेळ थोडा आहे. निकाल लागले, प्रवेशाची पत्रं आली आणि आता घरोघरी व्हिसाची धावपळ चालू आहे. येत्या पाच-सहा आठवड्यांत सांगली-कोल्हापूर भागातली पुष्कळ मुलं व्हिसाच्या अर्जावर सही करतील. त्यातल्या बऱ्याच जणांनी तो अर्ज वाचलेला नसेल. माझं सांगणं एवढंच आहे : वाचल्याशिवाय सही करू नका. इतक्या साध्या गोष्टीसाठी जाहीर आवाहन कशाला, असं कुणालाही वाटेल.

मी बँकेतून निवृत्त झालो. शेवटची नऊ वर्षं शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर होतो. आता रविवारी सकाळी आमच्या वाचनालयात बसतो आणि कुणी फाईल घेऊन आलं तर कागद पाहून देतो. फी नाही, चहा मात्र त्यांनी पाजायचा. गेल्या रविवारी तासगावकडची एक मुलगी वडिलांना घेऊन आली. अमेरिकेत एमएसला प्रवेश मिळालेला, विद्यापीठाचा आय-२० फॉर्म हातात, मुंबईची मुलाखत दहा दिवसांवर, महालक्ष्मी एक्स्प्रेसची तिकिटंही काढून झालेली. ‘काका, मुलाखतीची थोडी प्रॅक्टिस घ्या,’ म्हणाली. मी तिचा डीएस-१६०, म्हणजे व्हिसाचा अर्ज मागितला. तिच्याकडे फक्त बारकोडचं पान होतं. पूर्ण अर्ज ‘सरांच्या ऑफिसात’, म्हणजे एजंटकडे. चार फोन झाल्यावर तो व्हॉट्सअॅपवर आला.

मी वाचत गेलो, ती ऐकत गेली. पदवीनंतर पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ११ महिने नोकरी. ‘पण काका, मी तर ते वर्ष एमपीएससीचा अभ्यास करत होते.’ अमेरिकेत कुणी नातेवाईक? नाही. सख्खा मामा टेक्ससमध्ये आहे, आणि तिथे पोचल्यावर पहिले चार दिवस ती त्याच्याकडेच उतरणार आहे. समाजमाध्यमांवरची खाती? एकही नाही. हे वाचत असताना तिचा फोन इन्स्टाग्रामच्या सूचनांनी टुणटुणत होता. सोबतच्या उत्पन्नाच्या कागदात वडील ‘द्राक्ष निर्यातदार’. वडील समोरच बसले होते. साडेतीन एकर बाग, आणि तिचा बहुतेक माल बेदाण्याला जातो. शेवटच्या पानावर प्रश्न होता : हा अर्ज भरायला तुम्हाला कुणी मदत केली का? उत्तर : नाही. त्याखाली तिची सही, म्हणजे संगणकावरची ती एक कळ, जी दाबली की ‘वरचं सर्व मी वाचलं असून ते खरं आहे’ असं आपण अमेरिकेच्या सरकारला लिहून देतो.

वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘म्हंजी भरलं त्येनी, आन् सही हिची?’

होय. सगळी मेख तिथेच आहे.

न वाचलेल्या कागदावरची सही आपल्याकडे नवी नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली, तेव्हा त्यांना मुख्यतः हवे होते ते कर्जरोखे. ते त्यांनी जाळले. रोख्यात काय लिहिलंय हे ज्याच्या नावाने रोखा झाला त्यालाच माहीत नसायचं. सावकाराचा कारकून लिहायचा आणि खाली शेतकऱ्याच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’. पुढे नांगर गेला, अंगठा आला. त्या दंग्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावा अशी तरतूद करावी लागली. आज त्याच शेतकऱ्याची पणती इंजिनिअर झाली आहे, इंग्रजी वाचते, पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहिते. आणि व्हिसाच्या अर्जावर अंगठा देते.

आता माझ्याच टेबलावर घडलेली गोष्ट सांगतो. ही मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती. एके दुपारी ब्रिटनच्या व्हिसा खात्याकडून पडताळणीचा मेल आला. सोबत शिलकेचं प्रमाणपत्र, आणि प्रश्न एकच : हे तुमच्या शाखेने दिलं आहे का? लेटरहेड आमचं वाटावं असं होतं. सही मात्र दोन वर्षांपूर्वी बदलून गेलेल्या मॅनेजरची होती आणि खाते क्रमांकात एक आकडा कमी होता. मी दोन ओळींत उत्तर दिलं की हे प्रमाणपत्र आमचं नाही. दुसरं काही लिहिणं शक्यच नव्हतं. दीड महिन्याने एक मुलगा आईला घेऊन शाखेत आला. त्याचा अर्ज फेटाळला गेला होता, आणि फसवणुकीचा ठपका ठेवून १० वर्षांची बंदी घातली होती. एजंटने ‘फंड दाखवायचे’ ४० हजार घेतले होते. पोराची समजूत अशी की एजंटचं बँकेशी बोलणं झालंय आणि पैसे काही दिवस खरोखरच खात्यात ठेवले जाणार आहेत. तेव्हा तो २३ वर्षांचा होता.

मला आजही खुपतं ते पुढचं आहे. सहज म्हणून मी त्यांचा सातबारा पाहिला. विहिरीखालची बागायत जमीन, कर्जाचा बोजा नाही. ही मंडळी आधी सरळ बँकेत आली असती तर त्या मुलाला खरं शैक्षणिक कर्ज मंजूर झालं असतं, आणि बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र ब्रिटनचं काय, अमेरिकेचं व्हिसा खातंही पैशांचा पुरावा म्हणून ग्राह्य धरतं. ब्रिटनसाठी स्वतःच्या खात्यातली शिलक दाखवायची असेल तर ती सलग २८ दिवस लागते आणि त्यात एक दिवसही ती कमी झालेली चालत नाही. चार दिवस कुणाचे तरी पैसे आणून ठेवणारा ‘फंडवाला’ या नियमात बसतच नाही. म्हणून तर तो शेवटी खोट्या शिक्क्यावर येतो. खोट्याची गरज नसताना लोक खोटं विकत घेतात, आणि तेही व्याजाने पैसे काढून.

शिक्षा काय होते ते एकदा नीट ऐका. खोटी माहिती दिली असं ठरलं तर कॅनडाचं दार ५ वर्षं बंद होतं. ऑस्ट्रेलिया ३ वर्षं, आणि ओळखच खोटी दिली असेल तर १० वर्षं. ब्रिटनमध्ये कागद खोटा आहे हे अर्जदाराला माहीत नसलं तरी अर्ज फेटाळता येतो, आणि जाणूनबुजून केलं असं ठरलं तर १० वर्षं. अमेरिकेत बंदी कायमची आहे, विशेष माफी मिळाली तरच सुटका. यातली कुठलीही शिक्षा एजंटला होत नाही. त्याचं नाव अर्जात नसतंच.

कॅनडात तर ही बेनामी माणसं बेकायदाच ठरतात. तिथल्या नियमाप्रमाणे व्हिसाच्या कामाचे पैसे घेणारा माणूस परवानाधारक सल्लागार किंवा वकील असावा लागतो आणि त्याचं नाव वेगळ्या फॉर्मवर द्यावं लागतं. जे नाव न देता पडद्याआडून अर्ज भरतात त्यांना तिकडे घोस्ट कन्सल्टंट म्हणतात. भूतच ते. आपल्याकडे भुताचे पाय उलटे असतात म्हणतात. काम बिघडलं की हे कुठल्या दिशेला गेले ते खरोखरच कळत नाही.

२०२३ साली जे झालं ते आपल्याकडे पुरेसं पोचलंच नाही. पंजाबातली बातमी म्हणून आपण पान उलटलं. जालंधरच्या एका एजंटने मुलांना कॅनडातल्या नावाजलेल्या कॉलेजांची प्रवेशपत्रं दिली. पत्रं बनावट होती, पण त्यांवर व्हिसे मिळाले. मुलं तिथे उतरल्यावर त्यांना सांगण्यात आलं की त्या कॉलेजातल्या जागा भरल्या, आता दुसरीकडे प्रवेश घ्या. मुलांनी घेतला. शिकली, पास झाली, नोकरीला लागली. काही वर्षांनी कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज केला तेव्हा जुनी फाईल उघडली गेली आणि देश सोडण्याच्या नोटिसा आल्या. ती मुलं उन्हात रस्त्यावर धरणं धरून बसली, तेव्हा जून २०२३ मध्ये तिथल्या सरकारने प्रत्येक प्रकरण वेगवेगळं तपासायचं कबूल केलं. एजंटला कॅनडातच अटक झाली. त्याने गुन्हा कबूल केला आणि मे २०२४ मध्ये त्याला ३ वर्षांची शिक्षा झाली. १ डिसेंबर २०२३ पासून कॅनडा प्रत्येक प्रवेशपत्र थेट कॉलेजकडून पडताळून घेतं, आणि त्यानंतरच्या तपासणीत १० हजारांहून अधिक पत्रं संशयास्पद निघाली. त्या मुलांपैकी एकाने जरी कॉलेजच्या प्रवेश विभागाला स्वतः एक मेल टाकला असता, तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं. मेलला पैसे पडत नाहीत.

मी एजंटांच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. सरळ वागणारे, मुलाला ‘हे तुला झेपणार नाही’ असं तोंडावर सांगणारे सल्लागार मी पाहिले आहेत. पण त्यांचा धंदा कसा चालतो ते माहीत असू द्या. ‘आमचं समुपदेशन मोफत’ असं पाटीवर लिहिलेलं असतं तेव्हा बहुधा कॉलेज त्यांना पैसे देत असतं, तुमच्या पहिल्या वर्षाच्या फीतला वाटा. यात बेकायदा काही नाही. फक्त तुम्ही गिऱ्हाईक आहात की माल, एवढं ओळखून खुर्चीवर बसा.

जर्मनीचं उदाहरण घ्या. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला १,५०० युरो पडतात, अलीकडे म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही अशी फी सुरू केली, पण एकूण चित्र बिनफीचंच. फी नाही तर कमिशन कुठून निघणार? मग ‘सरकारीत नंबर लागणं अवघड असतं हो’ म्हणून मुलाला खासगी कॉलेजकडे वळवलं जातं. नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी भारतीय विद्यार्थ्याला एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदांच्या पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं. त्याची फी १८ हजार रुपये आहे आणि अर्ज विद्यार्थ्याने स्वतः करायचा असतो. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, तेही कुणाची फी नव्हे. तुमचेच पैसे महिन्याला ९९२ युरोप्रमाणे तुम्हाला परत मिळतात. हे मी खुलासेवार लिहितो आहे, कारण मिरजेच्या एका गृहस्थांना ‘एम्बसीचं डिपॉझिट, परत मिळत नाही’ असं सांगितलं गेलं होतं. आणखी एक : १ जुलै २०२५ पासून जर्मनीने व्हिसा नाकारल्यावर फेरविचार मागायची सोय बंद केली. आता नवा अर्ज, नाही तर बर्लिनचं कोर्ट. पहिल्याच अर्जातली चूक पूर्वीपेक्षा महाग झाली आहे.

कमिशन नाही, याच कारणाने तुम्हाला शिष्यवृत्त्याही कुणी सांगणार नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ७५ जागा, विद्यापीठ क्यूएस क्रमवारीत पहिल्या २०० मधलं हवं. त्या २०० मधली विद्यापीठं एजंटच्या यादीत अभावानेच असतात.

परदेशी एमबीबीएसला जाणाऱ्यांसाठी दोन ओळी, कारण लातूर-नांदेडकडून त्याबद्दल फार विचारणा होते. ‘नीट’ परीक्षेची पात्रता नसेल तर जाऊ नका. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप असलेला नसेल तर जाऊ नका. आणि ‘एनएमसी मान्यताप्राप्त कॉलेज’ अशी जाहिरात दिसली तर तिथूनच मागे फिरा. परदेशी कॉलेजांची अशी मान्य यादी राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग काढतच नाही.

आता थोडं बाकीच्यांशी. सीए मंडळींनो, उत्पन्नाच्या कागदावर ‘निर्यातदार’ लिहिण्याआधी त्या माणसाला एकदा समोर बसवून विचारा. बेदाण्याचं उत्पन्न कमी दर्जाचं नसतं, त्याला सूट-बूट घालायची गरज नाही. बँकेतल्या माझ्या मित्रांनो, आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण मागता येत नाही, हे काउंटरवर आलेल्या बापाला त्याने न विचारता सांगा. आणि प्राध्यापकहो, शिफारसपत्र एजंटच्या ऑफिसातून टाईप होऊन येतं, त्यावर तुम्ही डोळे झाकून सही करता, एकाच मजकुराची पाच पत्रं पाच मुलांना जातात. तुमचाही तो अंगठाच की. विद्यार्थी अंगठा कुणाकडून शिकला, हा प्रश्न मी इथेच सोडून देतो.

परदेशातल्या मराठी माणसांकडे माझं खास मागणं आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. गणपती, दिवाळी फराळ, अधिवेशनं, सगळं उत्तम चालतं. त्यात एक काम वाढवा. इथून कुणी कॉलेजचं नाव आणि पत्ता पाठवला तर शनिवारी गाडी काढा आणि बघून या. वर्ग भरतात का, शिक्षक आहेत का, आवारात मुलं दिसतात का. २०१९ च्या जानेवारीत अमेरिकेत ‘फार्मिंग्टन विद्यापीठा’च्या प्रकरणात १३० विद्यार्थी पकडले, त्यातले १२९ भारतीय. ते विद्यापीठ डेट्रॉइटजवळ अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्यानेच सापळा म्हणून उघडलं होतं. ना वर्ग, ना शिक्षक. सरकारी संकेतस्थळावरच्या मान्य संस्थांच्या यादीत त्याचं नावही होतं. सरकारने असा सापळा लावणं मला स्वतःला पटत नाही, पण माझ्या पटण्याला तिथे कोण विचारतो? यादी बघा, जरूर बघा, पण यादीवर थांबू नका. डेट्रॉइटमध्ये मराठी माणसं काही थोडी नाहीत. एकाला जरी विचारलं असतं, तरी त्या इमारतीत तास होत नाहीत हे कळलं असतं.

आईवडिलांनो, आज रात्री जेवणं झाली की मुलाला शेजारी बसवा. व्हिसाचं खातं ज्या ईमेलवर उघडलंय तो ईमेल कुणाचा आहे ते विचारा. बहुतेक वेळा तो एजंटचा असतो. नकाराचं पत्र, दूतावासाची विचारणा, सगळं त्याच्या मेलवर जातं आणि तुम्हाला त्यातलं तो सांगेल तेवढंच कळतं. ईमेल आणि पासवर्ड मागून घ्या. मग अर्ज पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लावा. इंग्रजी कळत नसेल तर मराठीत सांगायला लावा. ज्याला स्वतःचा अर्ज स्वतःच्या बापाला मराठीत सांगता येत नाही, त्याला तो मुलाखतीच्या खिडकीपुढे दोन मिनिटांत सांगता येणार नाही. तुमचा व्यवसाय काय लिहिलाय ते नीट ऐका. पासपोर्ट कुठे आहे ते विचारा. तो भारत सरकारच्या मालकीचा असतो आणि कुठल्याही खासगी ऑफिसला तो अडकवून ठेवायचा अधिकार नाही. ‘व्हिसाची हमी’ असं कुणी लिहून दिलं असेल तर तो कागद जपून ठेवा, पोलिसांत लागेल. व्हिसाची हमी अर्ज गोळा करणारी कंपनीही देऊ शकत नाही, निर्णय फक्त त्या देशाचा अधिकारी घेतो. सरकारी फी किती ते स्वतः बघा. अमेरिकेची सेव्हिसची, म्हणजे विद्यार्थी नोंदणीची ३५० डॉलर आणि व्हिसाची १८५, दोन्ही जाहीर आहेत. त्यापुढचे जे मागितले जातात ते कशाचे, हा प्रश्न विचारायला लाजू नका.

तासगावच्या त्या मुलीने चार रात्री बसून नवा अर्ज भरला. नोकरी काढली, एमपीएससीचं वर्ष लपवलं नाही. मामाचा उल्लेख केला, इन्स्टाग्रामचं नाव लिहिलं, नव्या अर्जाचा क्रमांक मुलाखतीच्या नोंदीत बदलून घेतला. मदत कुणी केली का, या प्रश्नाला ‘होय’ म्हटलं आणि पुढे माझं नाव-पत्ता भरला. अमेरिकेच्या सरकारकडे आता माझ्या घराचा पत्ता आहे, यावरून घरात दोन दिवस माझी चेष्टा चालली. तिची मुलाखत बुधवारी आहे.

मी रविवारी दहा ते एक वाचनालयात असतो. तुमच्या गावच्या वाचनालयातही असा एखादा निवृत्त माणूस पेपर चाळत बसलेला असेल, त्याला कामाला लावा. येताना अर्जाची पूर्ण प्रत आणा. नुसतं बारकोडचं पान आणू नका.